डेलमारचं गिरमिट

डेलमार हॉगन गेला तेव्हा त्याच्या मुलीने, मार्लिसने, रेनो कांगसला फोन केला.

"रेनो, चर्चमध्ये बाबांबद्दल चार शब्द बोलाल का? तुमच्याइतकं त्यांना दुसरं कुणी ओळखत नव्हतं."

रेनोने "बघतो" म्हटलं आणि फोन ठेवून स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून राहिला. ओळखत होतो म्हणजे नेमकं काय, हे त्याला समजेना. बावीस हिवाळे दोघांची मासेमारीची खोपटी टॅमरॅक तळ्याच्या बर्फावर चाळीस पावलांच्या अंतराने उभी राहिली, एवढं खरं. पण डेलमारचा वाढदिवस कधी असतो हे त्याला माहीत नव्हतं. डेलमारच्या घरात तो मागच्या दारापलीकडे कधी गेला नव्हता. आर्डिस, म्हणजे डेलमारची बायको, कशाने गेली हेही त्याला दुकानातल्या बाईकडून कळलं होतं. त्याने विजेच्या बिलाच्या पाकिटावर पेन्सिलीने लिहायला घेतलं. एकतीस वर्षं शाळेच्या बसगाड्यांच्या गॅरेजात मेकॅनिक. कॉफी पातळ पितो. ‘पितो’ खोडून त्याने ‘प्यायचा’ केलं. मग लिहिलं, दुसऱ्याने बर्फात पाडलेल्या भोकातला मासा खात नसे.

एवढं झाल्यावर पेन्सिल थांबली. शेवटची गोष्ट चर्चमध्ये सांगायची तर मागचा सगळा हिवाळा सांगावा लागला असता, आणि उभं राहून इतकं बोलणं रेनोला या जन्मात जमणार नव्हतं. त्या दिवशी तो बोललाच नाही. चर्चच्या तळघरात कॉफीची किटली घेऊन फिरला आणि लोकांचे कप भरत राहिला. बोलला असता तर पुढचं बोलला असता.

डेलमारकडे बर्फात मासेमारीची भोकं पाडायचं, पेट्रोलवर चालणारं गिरमिट होतं. लाल रंगाचं, जड, दोरी ओढून सुरू करायचं. ते सुरू झालं की तळ्याच्या पलीकडच्या काठावरची कुत्री भुंकायला लागत आणि खोपट्यात निळा धूर भरे. डेलमार दार उघडून धूर बाहेर जाऊ द्यायचा, खोकायचा, आणि म्हणायचा, "आता उठले असतील मासे." चार वर्षांपूर्वी रेनोने बॅटरीवर चालणारं गिरमिट आणलं तेव्हा डेलमार चाळीस पावलं चालत मुद्दाम बघायला आला. कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिला.

"याने दाढीही होते का?"

"हलकं आहे," रेनो म्हणाला. "आवाज नाही. आणि धूर नाही."

"तुम्हा फिनलंडवाल्यांना कपडे काढून वाफेत बसायची सवय. धूर सोसायचा नाही तुम्हाला."

"आणि तुम्हा नॉर्वेवाल्यांना नवीन वस्तू आजोबा मेल्यावरच घ्यायची सवय."

"आजोबा मरून पंचावन्न वर्षं झाली. मी विचार करतोय अजून," डेलमार म्हणाला आणि परत गेला.

त्यानंतर चार वर्षं रेनोच्या गिरमिटाला त्याने ‘खेळणं’ सोडून दुसरं नाव दिलं नाही. रेनो रोज रात्री बॅटरी काढून घरात नेई आणि सकाळी कोटाच्या आतल्या खिशात घालून आणी, कारण थंडीत बॅटरी मान टाकते. हे बघूनही डेलमार म्हणायचा, "बाळाला अंगडं घातलंस का?"

मागच्या ऑक्टोबरात डेलमार स्वतःच्याच पायरीवरून घसरला. उजव्या खांद्यातला स्नायू तुटला. डॉक्टरांनी तो शिवला, पण सांगितलं की दोरी ओढायची नाही, झटका द्यायचा नाही, हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. म्हणजे लाल गिरमिट संपलं. हे रेनोला डेलमारने सांगितलं नाही. डिसेंबरात खोपटं बर्फावर ओढायला मार्लिसचा नवरा आला होता, त्याच्याकडून कळलं. आणखी एक गोष्ट त्याच्याकडूनच कळली. मार्लिसचं म्हणणं होतं की वडिलांनी हिवाळाभर तिच्याकडे दोन तासांवरच्या शहरात येऊन राहावं आणि खोपटं विकून टाकावं.

"ते काय म्हणाले?" रेनोने विचारलं.

"खोपटं ओढायला कधी येतोस, म्हणाले."

तळ्यावर खोपट्याला कुणी कुलूप लावत नाही. वादळात सापडलेल्या माणसाला शिरता यावं म्हणून. डिसेंबरच्या शेवटी डेलमार खांदा दाखवायला शहरात गेला त्या दिवशी रेनो त्याच्या खोपट्यात शिरला. फळ्यांखाली जावयाने पाडून दिलेल्या दोन्ही भोकांवर नवा बर्फ धरला होता, हातभर जाड. रेनोने आपल्या गिरमिटाने दोन्ही भोकं मोकळी केली, झाऱ्याने बर्फाचा चुरा काढला, आणि दार लावून आला. दुसऱ्या दिवशी डेलमार आला. दुपारपर्यंत आत बसला. संध्याकाळी रेनो घरी निघाला तेव्हा त्याच्या खोपट्याच्या कडीला तीन वॉलआय मासे दोरीत ओवून टांगलेले होते.

"डेलमार, हे काय?"

"तुझे."

"मी कुठे पकडले?"

"भोकं तुझी," डेलमार म्हणाला आणि गाडीत बसला.

तळ्यावर हा नियम कुठे लिहिलेला नाही. दुसऱ्याच्या भोकाशी बसलं तर पहिला मासा त्याला द्यायचा, एवढी रीत आहे. सगळे मासे कुणी देत नाही. पण रेनोने जानेवारीत आणखी दोनदा भोकं मोकळी करून पाहिली, आणि दोन्ही वेळा कडीला मासे आले, एकही कमी न ठेवता. दुसऱ्या वेळी त्यात एक बोटाएवढा मासाही होता, जो कुणीही परत पाण्यात सोडला असता. रेनोला ते मासे खाववेनात. त्याने ते शेजारच्या बाईला दिले. तिसऱ्या वेळेनंतर तो त्या खोपट्यात शिरला नाही. भोकं पुन्हा गोठली, आणि डेलमार रोज येऊन गोठलेल्या भोकांशेजारी शेगडी पेटवून बसायला लागला. गळ न टाकता. खिडकीतून त्याची टोपी दिसायची.

जानेवारी संपता संपता एका सकाळी डेलमारच्या पिकअप गाडीच्या मागच्या हौद्यात घोंगडीखाली काहीतरी लांबट दिसलं. रेनोने न बघितल्यासारखं केलं. पण घोंगडीचं एक टोक वाऱ्याने उडालं आणि खाली काळं-पिवळं, रेनोच्याच गिरमिटाचं नवं भावंड दिसलं. डेलमारने टोक पुन्हा खोचलं.

"शनिवारी मार्लिस येतेय," तो म्हणाला. इतकं बोलून थांबला, मग तळ्याकडे बघत म्हणाला, "मी एकट्याने भोक पाडून दाखवलं तर वसंतापर्यंत ती शहराचं नाव काढणार नाही. नाही पाडलं तर सोमवारी मी तिच्याबरोबर जाणार. तसं ठरलंय."

"बर्फ तेहेतीस इंच आहे," रेनो म्हणाला. "जोडदांडा लागेल. नुसतं पातं पोचणार नाही."

"आणलाय."

"आणि बॅटरी..."

"रेनो."

"हं."

"एकतीस वर्षं मी बॅटऱ्याच बघितल्या."

खरंच होतं ते. कडाक्याच्या थंडीत शाळेच्या चौदा बसगाड्या सकाळी सहाला सुरू करणं हेच डेलमारचं काम होतं. रोज संध्याकाळी तो एकेका गाडीला विजेची वायर लावून इंजिन उबदार ठेवी, आणि एकतीस वर्षांत गाडी सुरू झाली नाही म्हणून शाळा एकदाच बंद राहिली. तीही वीज गेली होती म्हणून.

शनिवारी पारा उणे बावीसवर होता. आभाळ स्वच्छ, वारा नाही. बर्फ मधूनच आतून गडगडत होता, कुणी लांबवर पिंप लोटावं तसा. मार्लिस दहाला आली. ती दवाखान्यात परिचारिका आहे, अंगाने वडिलांसारखी उंच आणि बोलायला आईसारखी. तिने लिंबाच्या वड्यांचा डबा रेनोच्या हातात दिला आणि म्हणाली, "रेनो, तुम्ही थांबा. साक्षीदार हवा मला. यांच्यावर माझा विश्वास नाही."

"माझा हिच्यावर नाही," डेलमार म्हणाला. "थांब तू."

त्याने खोपट्याच्या मागे, उघड्यावर, पायाने बर्फ साफ केला. आतली भोकं नकोच, म्हणाला. नवं भोक पाहिजे. मग हौद्यातून गिरमिट काढलं, घोंगडी घडी करून ठेवली, आणि बॅटरी बसवली. त्या क्षणी रेनोच्या लक्षात आलं. बॅटरीही हौद्यातूनच निघाली होती, घोंगडीखालून. रात्रभर ती बाहेरच होती. लाल गिरमिट वीस वर्षं हौद्यातच राहत असे, पेट्रोलला थंडीचं काही नसतं. हाताच्या सवयीने डेलमारने नव्यालाही तिथेच ठेवलं होतं.

रेनोच्या कोटाच्या आतल्या खिशात त्याची स्वतःची बॅटरी होती, गरम, काठोकाठ भरलेली. दोन्ही गिरमिटं एकाच कंपनीची. याची बॅटरी त्याला चालली असती.

डेलमारने डावा हात वर घेतला, उजवा कोपर बरगडीशी घट्ट धरला, आणि बटण दाबलं. गिरमिट गुणगुणत फिरायला लागलं. पांढरा चुरा भोवती जमत गेला. पहिला फूटभर सहज गेला. मार्लिस हाताची घडी घालून वडिलांच्या खांद्याकडे बघत होती, बर्फाकडे नाही. दीड फूट झाला असेल. मग गुणगुण जड झाली, बारीक झाली, आणि बंद पडली. बॅटरीवरचा लाल दिवा तीनदा लुकलुकला.

डेलमारने बटण पुन्हा दाबलं. काही नाही.

रेनोचा हात आपोआप कोटाच्या बटणाकडे गेला आणि तिथेच राहिला. कडीला टांगलेले मासे त्याच्या डोळ्यांपुढे आले.

"बाहेर ठेवली होती रात्री?" मार्लिसने विचारलं.

डेलमार बुटाने भोकाभोवतीचा चुरा बाजूला सारू लागला.

"बाबा, चौदा गाड्यांना वायर लावायचात तुम्ही. मला अंघोळ घालायला उशीर झाला तरी चालेल, पण गाड्यांना वायर आधी."

"मला माहीत आहे मी काय करायचो."

मार्लिस रेनोकडे वळली. "तुमच्याकडे असेल ना एक? तुम्ही नेहमी खिशात ठेवता, बाबा हसतात तुम्हाला."

रेनोला खोटं बोलता येत नाही. त्याचे कान लाल झाले. "आहे," तो म्हणाला, "पण..."

"त्याची त्याच्याकडे राहू दे," डेलमार म्हणाला. त्याने मेलेली बॅटरी गिरमिटातून काढली, कोटाची चेन खाली ओढली, स्वेटर वर केला, आतला लोकरीचा बनियन वर केला, आणि ती विटेएवढी थंडगार वस्तू उघड्या पोटावर ठेवून वरून सगळं बंद केलं. त्याच्या तोंडून एकदम श्वास बाहेर पडला आणि मग नॉर्वेजियन भाषेतला एक शब्द. चर्चमधला नव्हता तो.

"बाबा! काय करताय?"

"वायर लावतोय," डेलमार म्हणाला. "आत चला. कॉफी प्या. वेळ लागेल. ठरलं होतं त्यात वेळेचं काही नव्हतं."

गिरमिट अर्ध्या भोकात तसंच उभं राहिलं. भोकाला अजून पाणी लागलं नव्हतं हे बरं होतं. पाणी लागलं असतं तर पाती तिथेच गोठून अडकली असती आणि पहारीने फोडून काढावी लागली असती. तिघं खोपट्यात शिरले. डेलमारने शेगडीजवळची बादली उलटी घातली आणि पोट शेगडीकडे करून तिच्यावर बसला, दोन्ही हात पोटावर धरून. मार्लिस त्याच्याकडे बघून आधी ओठ चावत होती, मग तिला हसू आवरेना.

"आठवा महिना दिसतोय."

"तुझ्या वेळी आर्डिस अशीच बसायची," डेलमार म्हणाला. "याच बादलीवर. पाठ दुखते म्हणायची आणि मासे माझ्यापेक्षा जास्त काढायची."

"आई बर्फावर यायची?"

"तू झाल्यावर बंद केलं. तुला इथे आणू देईना ती मला."

"का?"

डेलमारने पोटावरचा हात थोडा सरकवला. "मला पोहता येत नाही म्हणून."

रेनोने कप खाली ठेवला. बावीस वर्षं. उन्हाळ्यात डेलमार कधी होडीत दिसला नव्हता, हे आत्ता, या क्षणी त्याच्या ध्यानात आलं. त्याला वाटायचं, माणसाला उन्हाळ्यात बागेचं काम असतं.

"तुला पाण्याची भीती वाटते?" रेनोने विचारलं. इतका सरळ प्रश्न त्याने डेलमारला कधी केला नव्हता.

"उघड्या पाण्याची वाटते. बर्फ चार इंचांचा झाल्याशिवाय मी काठावरसुद्धा उभा राहत नाही. तू पाय ठेवायचास, मग आठवड्याने मी."

"मला वाटलं तू आळशी आहेस."

"भित्र्यापेक्षा ते बरं वाटतं ऐकायला, म्हणून मी काही बोललो नाही."

"मग मासेमारी कशाला करता, बाबा?"

डेलमार शेगडीकडे बघत म्हणाला, "भोक पाडलं की दिसतं, बर्फ किती जाड आहे ते. स्वतः मोजलेलं असतं. दुसऱ्याने पाडलेल्या भोकाशी बसलं की मला सारखं वाटत राहतं, त्याने नीट बघितलं असेल का." तो रेनोकडे न बघता म्हणाला, "तू नीट बघतोस. तुझ्याबद्दल नाही ते."

रेनोने मान हलवली. कडीला टांगलेल्या माशांचा त्याने महिनाभर वेगळाच अर्थ लावला होता. गर्व म्हणून. त्याने एक लिंबाची वडी खाल्ली आणि मग आणखी एक.

पाऊण तासाने डेलमार उठला. बाहेर येऊन त्याने बॅटरी पोटावरून काढली तेव्हा त्वचेवर तिचा लाल चौकोन उमटला होता. बसवली. एकच हिरवा दिवा लागला, चारपैकी.

"पुरेल?" मार्लिसने हळूच रेनोला विचारलं.

"माहीत नाही," रेनो म्हणाला. ते खरं होतं.

डेलमारने घाई केली नाही. थोडं फिरवायचा, थांबायचा, गिरमिट वर उचलून चुरा काढायचा, पुन्हा खाली. सवय उजव्या हाताची असली तरी उचलायचा डाव्यानेच. पातं संपत आलं तसा त्याने गिरमिट बाहेर काढलं, बर्फावर आडवं घातलं, आणि जोडदांडा बसवायला गुडघ्यावर बसला. जोड पक्का करणारी खिळी बसवायला दोन हात लागतात, एक दांडा धरायला आणि एक खिळी दाबायला. डेलमारने दांडा गुडघ्यांत धरला, हातमोजा दातांनी काढला, आणि उघड्या बोटांनी खिळी दाबू लागला. एकदा निसटली. दुसऱ्यांदा निसटली. बोटं पांढरी पडली होती. रेनोने हात खिशात घातले आणि मुठी आवळल्या. मार्लिस तळ्याच्या दुसऱ्या टोकाकडे तोंड करून उभी राहिली होती. तिला बघवत नव्हतं.

खिळी बसली, ‘टक’ असा आवाज झाला.

पुन्हा उभं राहून त्याने बटण दाबलं. हिरवा दिवा लुकलुकायला लागला होता. गुणगुण पुन्हा जड होत चालली. मग पात्यांखाली आवाज बदलला, कुरकुर गेली, गिरमिटाला एक हिसका बसला आणि डेलमारचा खांदा जोरात हलला, पण त्याने सोडलं नाही. पाणी उसळून वर आलं आणि त्याच्या बुटांभोवती पसरलं. त्याने गिरमिट बाहेर ओढलं, आणि ते बर्फावर ठेवेपर्यंत दिवा विझला होता.

डेलमारने झाऱ्याने चुरा काढला. मग गुडघ्यावर बसून, बाही वर करून, डावा हात खांद्यापर्यंत भोकात घातला आणि बोटांनी बर्फाची खालची कड चाचपली.

"तेहेतीस," तो म्हणाला. "रेनोचं बरोबर होतं."

"वसंतापर्यंत," मार्लिस म्हणाली. तिचे डोळे पाणावले होते, पण उणे बावीसमध्ये सगळ्यांचेच पाणावतात. "आणि बॅटरी घरात. ऐकताय? पोटावर नाही. घरात."

दुपारी अडीचला त्या भोकातून हाताएवढा पाइक मासा निघाला. काटेरी, बारीक, कुणी ठेवावा असा नव्हे. डेलमारने तो ठेवला. संध्याकाळी मार्लिस निघून गेल्यावर तो रेनोच्या खोपट्यापर्यंत आला आणि दारात उभा राहिला.

"खिशात होती ना?"

"होती."

"मागितली असती तर दिली असतीस."

"दिली असती."

"हं," डेलमार म्हणाला. मग, "सोमवारी पर्च माशांसाठी उत्तरेकडे जाऊन बघू या का?" दुसऱ्याबरोबर कुठे जाण्याची भाषा त्याने बावीस वर्षांत प्रथमच केली होती.

त्या हिवाळ्यात ते चार वेळा उत्तरेच्या खाडीत गेले. भोकं ज्याची त्याने पाडली. डेलमार बॅटरी कोटाच्या आत ठेवायला शिकला, आणि ‘बाळ कसं आहे?’ असं आता रेनोच आपल्याला विचारायला लागला आहे, अशी तक्रार दुकानात करू लागला. डेलमारच्या आयुष्यातल्या बाकीच्या गोष्टी त्या चार दिवसांतही फारशा कळल्या नाहीत. रेनोने विचारल्या नाहीत. विचारायला हव्या होत्या की नाही, हे त्याला अजून ठरवता आलेलं नाही. मे महिन्यात डेलमार शेवटी मार्लिसकडे गेला, ठरल्याप्रमाणे, आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात झोपेत गेला.

त्याआधीची, मार्चच्या मध्याची गोष्ट; तेव्हा खोपटी तळ्यावरून काढायची असतात. मार्लिसचा नवरा डेलमारचं खोपटं ओढत काठाकडे निघाला, मागे डेलमारची पिकअप. खोपटं निघालं की उघडी राहिलेली भोकं दिसावीत म्हणून तिथे स्प्रूसची फांदी रोवायची असते, नाहीतर कुणाचा पाय जातो. रेनो ते करायला मागे राहिला होता. पिकअप त्याच्याजवळ येऊन थांबली आणि काच खाली आली.

"फांदी लावलीस?"

"लावली."

"मागच्या भोकालाही?"

"ते गोठलंय. त्यालाही लावली."

"मोठी?"

"बरीच मोठी."

"बरं," डेलमार म्हणाला. "दार नीट लागत नाही तुझ्या खोपट्याचं. उन्हाळ्यात बघून घे."

"बघतो," रेनो म्हणाला, आणि काच वर गेली.